साखळीतली जागा

टोकावडे, ता. ९ जानेवारी १९५५

महिपत, तुझा मावसभाऊ वाळू याचा रामराम घे.

तू शहापूरला लाकडाच्या वखारीत कामाला लागलास, हे मला एस.टी.च्या कंडक्टरकडून कळलं. वखारवाल्या शेठनं तुला शहापूरच्या हुतूतूच्या संघात घेतलं, हेही त्यानंच सांगितलं. मी काही विचारलं नव्हतं. तिकीट फाडता फाडता तोच बोलला, "तुमचा महिपत टोकाला उभा ऱ्हातो नि शेजारी तो कातकऱ्याचा बुध्या. काय जोडी हाय रे!"

मला काही वाटलं नाही. खेळताना साखळी धरायची तर कुणाचा तरी हात धरावाच लागतो. हात काय, कुणाचाही असला तरी हातच.

पण देसले गुरुजींनी ही हंगामअखेरची स्पर्धा काढली, त्या पहिल्या वर्षाची तुला आठवण असेलच. त्याआधी गावं आपापसात खेळायची, भांडायची, आणि खरं जिंकलं कोण याचा वाद पुढल्या सुगीपर्यंत चालायचा. गुरुजी बोलले, भात झोडून झालं की दोन्ही तालुक्यांतल्या संघांनी हंगामभर खेळायचं, आणि होळीच्या अगोदर वरचे चार संघ एका मैदानात आणायचे. एक वर्ष मुरबाड, एक वर्ष शहापूर. जिंकेल त्यानं ठाण्याला, जिल्ह्याच्या स्पर्धेला जायचं. मुरबाडच्या खळ्यात चुना नव्हता म्हणून राखेच्या रेषा मारल्या होत्या. शहापूरचा तो दांडगा गडी आपल्यात शिरला. टोकाला तू, शेजारी मी. त्यानं आपल्याला ढेकळांवरून फरफटत नेलं, मनगटं सुजली, पण साखळी सुटली नाही. दम त्याचा तुटला. गुरुजी सगळ्यांसमोर बोलले, या दोघांच्या मधून वारासुद्धा जायचा नाही.

आता तू त्याच शहापूरकडून खेळतोस. खेळ. शेठनं काम दिलं, तर त्याच्याकडून खेळावं लागणार, एवढं मला समजतं.

तुझ्या जागी नामाला घेतलं आहे. चांगला गडी आहे. त्याच्या तळहाताला घाम फार येतो.

भागीमावशी बरी आहे. तुमच्या घराचा कूड मी लिंपून घेतला. तुला कळवू नको बोलली होती. होळीच्या अगोदर परत येता आलं तर बघ.

वाळू


टोकावडे, ता. १३ फेब्रुवारी १९५५

महिपत,

गेल्या रविवारी मी बैल बघायला किन्हवलीला आलो होतो. तिथं तुमचा सामना होता, हे मला तिथं गेल्यावर कळलं. बैल पसंत पडला नाही. वेळ होता म्हणून थोडा थांबलो. आंब्याच्या मागं सावली होती म्हणून तिथं उभा राहिलो, लपायचं मला काही कारण नव्हतं.

बुध्या चांगला खेळतो. अंगानं काटकुळा आहे, पण समोरचा गडी पाय कुठं टाकणार हे त्याला आधी दिसतं. तू नुसता खांदा हलवलास की तो वाकतो. आपल्याला तसं जमायला किती दिवस लागले होते, आणि तुमचं एका हंगामात जमलं. मध्येच तो तुझ्या कानात काही बोलला आणि तू हसलास. सामना चालू असताना तू माझ्याबरोबर कधी हसला नव्हतास. मला वाटायचं तुला खेळताना हसायला आवडत नाही.

दुसरी गोष्ट माझ्याकडूनच कळलेली बरी. मुरबाडला स्पर्धेच्या कमिटीची बैठक झाली. आपल्या गावातर्फे मी गेलो होतो. मी ठराव मांडला, की ज्या गावात गड्याचं घर, त्याच गावाकडून त्यानं खेळावं. शेठ लोक नोकऱ्या देऊन गडी न्यायला लागले तर आमच्यासारख्या गावांनी करायचं काय? सगळ्यांना पटलं. मी कोणाबद्दल बोलत होतो हे तुला सांगायला नको.

पण शहापूरचे पंच बोलले, महिपतनं वखारीच्या मागं खोली घेतलीय, चूल मांडलीय, तेच त्याचं घर. मग कोणीतरी विचारलं, "मंग तो बुध्या? त्याचं घर कुठं?" बुध्याचे लोक पावसात एका ठिकाणी, सुगीत दुसऱ्या, कोळशाच्या भट्ट्या लागल्या की तिसऱ्या. देसले गुरुजींनी पुष्कळ समजावून पाहिलं. शेवटी हात वर झाले. तू संघात राहिलास आणि बुध्या बाहेर गेला.

मला तसं व्हायला नको होतं. माझा ठराव तुझ्यासाठी होता. पण घरी येताना मला फार वाईट वाटत होतं असंही नाही.

आता मुरबाडला भेटू. तुझ्या शेजारी कोण असेल ते बघू.

वाळू


टोकावडे, ता. ७ मार्च १९५५

महिपत,

स्पर्धेची ढाल आपल्या घरात आहे. आपल्या म्हणजे टोकावड्याच्या. मावशीनं तिला हळदकुंकू लावलं आणि मग विचारलं, "महिपत कुठं हाय? तो नाय आला?" मी सांगितलं, तो हरला. तर ती बोलली, "मंग काय झालं? हरलेल्यानं आईकडं यायचं नाय असं हाय काय?"

मी जिंकलो हे पत्रात लिहायला बसलो होतो, पण दोन दिवस झाले, माझ्या डोळ्यासमोरून ते जात नाही.

शेठनं बुध्याच्या जागी दुसरा गडी दिला होता. तू टोकाला उभा राहिलास, त्यानं हात पुढं केला आणि तू तो झटकलास. मैदानात सगळे ओरडत होते, साखळी जोडा, साखळी जोडा. तू तसाच उभा. तुझ्या शेजारी एक माणूस मावेल एवढी मोकळी जागा. बुध्या दोरीच्या पलीकडं बसला होता, तो पण हातानं खूण करत होता, की धर त्याचा हात. तू त्याच्याकडंही बघितलं नाहीस.

चढाईला मी आलो. त्या मोकळ्या जागेतून मी आत शिरलो. तिथं मला कोणी अडवणारच नव्हतं. तुझ्या अंगावरून गेलो तेव्हा माझा पाय तुझ्या हाताला लागेल एवढ्या जवळ होता. तू धरू शकला असतास. माझी डावी टाच मागं राहते हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत नाही. तू बघत राहिलास. मी तिघांना बाद करून परत आलो आणि लोकांनी मला उचलून घेतलं.

सामना संपल्यावर मी हात पुढं केला. तू बोललास, "जिंकलास ना? जा मंग." आणि बुध्याला घेऊन शहापूरच्या रस्त्यानं चालू लागलास.

मला एकच विचारायचं आहे. तू त्याच्यासाठी जागा मोकळी ठेवलीस. संघ हरला तरी ठेवलीस. टोकावडं सोडताना तू मला साधं सांगितलंही नव्हतंस. मी तुझ्या शेजारी किती वर्षं उभा होतो? माझ्यासाठी तू कधी काय मोकळं ठेवलंस?

याचं उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. पण द्यावं.

वाळू


टोकावडे, ता. १२ जानेवारी १९५९

महिपत,

तू उत्तर दिलं नाहीस. मीही लिहिलं नाही. तुझा मुंबईचा पत्ता मावशीकडं आहे, तो मी उतरवून घेतला.

तू मिलच्या संघात खेळतोस, तिथं लाकडी खुर्च्यांवर बसून लोक सामने बघतात, हे सगळं मला माहीत आहे. तुझी पत्रं मावशीला मीच वाचून दाखवतो. त्यात तिची चौकशी असते, गाईची असते, शेजारच्या अंबूबाईच्या दम्याचीही असते. माझं नाव नसतं. मावशी मात्र दर वेळी विचारते, "वाळूसाठी काय लिवलंय?" मग मी शेवटी माझ्या पदरचं वाचतो, की वाळूला रामराम सांग. ती खूश होते. तू पत्रात एवढी एक ओळ खरोखर घातलीस तर माझं खोटं बोलणं वाचेल.

इकडची हकिकत अशी. मधल्या एका वर्षी देवीची साथ आली म्हणून स्पर्धा झाली नाही. बाकी चालू आहे. आता राखेच्या जागी चुना असतो आणि गुरुजींनी नवे नियम आणलेत. त्यांचं म्हणणं, हुतूतू म्हणायचं नाही, कबड्डी म्हणायचं. जुनी माणसं चढाईला जाताना अर्ध्यात विसरतात आणि हुतूतूवर येतात, मग पंच शिट्टी मारतो आणि मैदान हसतं. शहापूर तू गेल्यापासून वरच्या चारात येत नाही. आम्ही येतो आणि हरतो.

आता मुख्य. या सुगीनंतर माळाच्या खालच्या अंगाला कोळशाच्या भट्ट्या लागल्या. कातकऱ्यांच्या झोपड्या पडल्या. एक दिवस आम्ही खेळत होतो तर बांधावर बुध्या येऊन बसला. मी ओळखलं. बोलावलं नाही. दुसऱ्या दिवशीही तो आला. नामानं मला न विचारता हाक मारली, "ये रे, बसलास काय? आमाला गडी कमी हाय."

तो आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. काळे पडलेले हात अंगावर पुसले आणि पुढं केले. आमच्यातले दोघे बांधावर जाऊन उभे राहिले, कातकऱ्याचा हात नाही धरणार बोलले. मी धरला. मोठेपणा म्हणून नाही. तुझ्या हाताला तो हात कसा लागत असेल, हे मला कित्येक वर्षं बघायचं होतं.

हात कोरडा आणि खरखरीत आहे. घाम येत नाही.

खेळ झाल्यावर मी त्याला विचारलं, "महिपतचं पत्र येतं तुला?"

तो बोलला, "मला कोण पत्र लिवणार? नि आलं तर वाचणार कोण? तुला येत असतील."

"येतात," मी बोललो.

"येणारच. तुजं नाव त्याच्या तोंडात लय असायचं. मी जरा चुकलो का बोलायचा, वाळू असता तर गडी सुटला नसता. वाळू असा धरतो, वाळू तसा धरतो. मला रातभर झोप नाय यायची. वाटायचं, हा वाळू एकदा मरू दे."

"खोटं बोलतोस."

"खोटं कशाला बोलू? मुरबाडला तू ठराव मांडलास ना, तवा मी भाईर दाराशी बसलेलो. मनात बोललो, बरं झालं, मला वाळूचं तोंड तरी बघायला भेटलं."

"ठराव तुझ्यासाठी नव्हता."

"ठाव हाय. आमचा विचार करून कोण ठराव मांडतो?" आणि तो हसला. महिपत, तेच हसू. किन्हवलीला तुझ्या कानाशी होतं ते.

आम्ही बांधावर बराच वेळ बसलो. तुझ्याबद्दल बोलत होतो. तू शहापूरहून मुंबईला गेलास तेव्हा त्यालाही सांगितलं नाहीस. तो सकाळी वखारीत गेला तर खोलीला कुलूप. हे ऐकून मला बरं वाटलं. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि तेवढं बरं वाटेना.

तू माझं त्याला सांगायचास, हे मला कधीच का लिहिलं नाहीस?

वाळू


टोकावडे, ता. २६ मार्च १९६१

महिपत,

तू ठाण्याला आला होतास. नाही म्हणू नको. दोरीच्या पलीकडं, पाण्याच्या पिंपाजवळ, पांढऱ्या सदऱ्यात तू उभा होतास.

आम्ही तिथवर कसे आलो ते ऐक. गेल्या वर्षी, महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी, कमिटीच्या बैठकीत मी माझाच ठराव मोडायला उभा राहिलो. मी बोललो, ज्या गावाच्या मैदानात गडी दिवाळीपासून होळीपर्यंत खेळला, तो त्या गावचा. घर असो, झोपडी असो, भट्टी असो. शहापूरवाले बोलले, वाळूला आता बुध्या पाहिजे म्हणून वाळू शहाणा झाला. ते खरंच होतं, म्हणून मी वाद घातला नाही. आमच्याही गावातला राघो पाटील उठला आणि बोलला, "कातकरी ढाल घेऊन गावात शिरणार काय?" तेव्हा देसले गुरुजी खुर्चीवरून उठले. त्यांचा आवाज आता थरथरतो. ते बोलले, "ही स्पर्धा मी भांडणं मिटवायला काढली. ज्याला खेळायचंय त्याला दारात उभा ठेवायचा असेल, तर राखेच्या रेषा मी मारल्या होत्या, मीच पुसून टाकतो." ठराव पास झाला.

यंदा शहापूरच्या मैदानात आम्ही ढाल घेतली. टोकाला बुध्या, शेजारी मी. मावशी बैलगाडीतून आली होती. ढाल बुध्यानं धरली आणि आमच्या गावात सगळ्यात पुढं चालला. राघो पाटलानं दार लावून घेतलं. त्याची म्हातारी आई मात्र अंगणात उभी राहून बघत होती.

मग ठाणं. आम्ही पहिल्याच सामन्यात हरलो. कल्याणचे गडी फार जड. पण अर्ध्या वेळेपर्यंत आम्ही पुढं होतो, ते तू पाहिलंस. त्यांचा मोठा गडी आत आला, बुध्यानं घोटा धरला, मी कंबर धरली आणि तो तिथंच बसला. लोक ओरडले. मी मान वर केली आणि तू दिसलास.

तू टाळ्या वाजवत नव्हतास. आमच्या हातांकडं बघत होतास. महिपत, ते तोंड मला ओळखू आलं. किन्हवलीला आंब्याच्या मागं माझं तसंच असणार.

मला वाटायचं, असं झालं तर माझं पोट भरेल. भरलं. मी बुध्याचा हात मुद्दाम आणखी घट्ट धरला, आणि पुढच्या दोन्ही चढायांत गडी सुटले ते त्यामुळेच. बुध्या ओरडला, "अरे ढिला सोड! हात मोडतोस काय?"

सामना संपल्यावर मी पिंपाकडं गेलो, तोवर तू नव्हतास. बुध्याला मी सांगितलं नाही. तो एवढ्या गर्दीत तुला शोधत पळाला असता आणि मला ते बघवलं नसतं.

हे असं आहे. मी अजून तसाच आहे.

वाळू


टोकावडे, ता. ६ ऑक्टोबर १९६३

महिपत,

तुझं पत्र आलं. वर माझं नाव होतं म्हणून पोस्टमननं माझ्या हातात दिलं, मी ते मावशीकडं नेलं, आणि तिनं, "बघ, वाळूला लिवलंय," असं बोलून माझ्याच हातात परत दिलं.

मिलनं नवी पोरं घेतली आणि तुला संघातून काढलं, नुसतं खात्यात कामाला ठेवलं, आणि ते तुला सोसवत नाही, हे समजलं. गावी येऊन शेती बघायची म्हणतोस, तर मावशीचं शेत नीट आहे. मी ते पडू दिलं नाही. पाठदुखीचं जे लिहिलंस ते मी मावशीला वाचलं नाही.

चीनच्या लढाईमुळं गेल्या वर्षी स्पर्धा झाली नाही. यंदा आहे. देसले गुरुजी राहिले नाहीत. श्रावणात गेले. त्यांच्याशिवाय ही पहिली स्पर्धा, म्हणून सगळ्या गावांनी ठरवलंय की ती नीट पार पाडायची. तू विचारतोस, तुला खेळता येईल का. नियमानं येईल. दिवाळीपासून मैदानात आलास तर तू टोकावड्याचा.

तू पुढं विचारलंस, तुझी जागा आहे का.

पत्र मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. मग खाली कातकऱ्यांच्या झोपड्यांकडं गेलो आणि बुध्याला सांगितलं, महिपत येतोय, त्याला खेळायचंय. तो हातातलं टाकून उठला. एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर ढाल घेतली तेव्हाही पाहिला नव्हता. त्याची बायको बायडी झोपडीतून बाहेर आली, काय झालं बघायला.

तो लगेच बोलला, "मंग त्याला टोकाला घे. मी सरकतो."

"कुठं सरकतोस?"

"कुठंबी. नामाकडं जातो. तुमची दोघांची जुनी जोडी. मला ठाव हाय ना."

खरं सांगतो, तो एवढ्या सहज सरकायला निघाला याचा मला राग आला. इतकी वर्षं माझा हात धरून उभा राहिला, आणि तुझं नाव काढताच सोडायला तयार! मी बोललो, "तू सरकणार नायस."

"का रे?"

"नाय बोललो ना."

बायडीला काही कळलं नाही, पण ती हसली. मग बुध्या बोलला, "त्याला वाईट वाटंल."

"वाटू दे," मी बोललो. "तो सोसंल. तू नि मी सोसलंच ना?"

तर महिपत, उत्तर असं आहे. तू ये. मावशी वाट बघते, आणि मीही बघतो, हे आता लिहून टाकतो. पण डाव्या टोकाला बुध्या उभा असतो आणि त्याच्या शेजारी मी. तुला उजव्या टोकाला नामाचा हात धरावा लागेल. हे मी रागानं लिहीत नाही. राग असता तर येऊ नको लिहिलं असतं.

भात यंदा लवकर पिकलंय. कापणीला माणसं कमी आहेत. दिवाळीची वाट बघू नको, त्याच्या अगोदरच निघ. मुरबाडला उतरलास की टोकावड्याची गाडी संध्याकाळची आहे. बुध्या थांब्यावर येणार म्हणतो. मी त्याला सांगितलं, एकट्यानं जायचं नाही, मी पण येणार.

वाळू